जीव धरलेले, जपून नेणे

बिस्मिल्लाबीचा दिवस पहाटे चारला सुरू होई. चूल पेटवायच्या आधी ती पडवीतली गोणी सोडून रोपांच्या मुळांना गुंडाळायचं शेवाळ बघायची. मुठीत घेऊन दाबायची. बोटांतून पाणी गळलं तर ते फार ओलं, पुन्हा पसरायचं. चुरा झाला तर फार कोरडं, पाणी शिंपायचं. हाताला ओल लागावी पण थेंब पडू नये, इतकं जमलं की मग चहा. ही सुरुवातीच्या वर्षांची गोष्ट. पुढे शेवाळ गेलं, पहाटेचे चार तसेच राहिले.

मी लोणावळ्याच्या टपाल कचेरीत हमाल होतो. कचेरीतून स्टेशनवर आणि स्टेशनातून कचेरीत थैल्या वाहायच्या, एवढंच काम. पार्सल उचललं की बांधणारा कसा आहे ते कळतं. हलगर्जी माणसाच्या खोक्यात माल एका बाजूला सरकतो आणि सगळा भार एका मनगटावर येतो. बिस्मिल्लाबीच्या खोक्यात काही हलत नसे. तिच्याबद्दल लिहायला मला एवढं कारण पुरे आहे.

तिचं माहेर पवन मावळात, सासर वलवणला. वलवणचं धरण बांधलं जात होतं तेव्हा ती नवी नवरी होती आणि दगडमातीची पाटी वाहायला जात होती. धरण पुरं झालं तोवर तिची मान डावीकडे वळायची बंद झाली होती. डावीकडून कुणी हाक मारली तर ती पायांसकट वळायची. नवऱ्याचं नाव मेहबूब. तो स्टेशनबाहेर टांग्याच्या घोड्यांना नाल ठोकायचा. पावसाळ्यात मुंबईची माणसं येत नसत, टांगे उभे राहत आणि त्याची ऐरणही गप्प असे. त्या महिन्यांत घर तिच्या मजुरीवर चाले.

धरणानंतर ती दत्तोबांच्या बागेत लागली. दत्तोबा वलवणचे शेतकरी. त्यांची खालची बरीचशी जमीन पाण्यात गेली, दोन खाचरं आणि वरचा उतार उरला. उतारावर भात होईना, तेव्हा त्यांनी गुलाब, क्रोटन, मोगरा, नेचे यांची रोपं करून बंगलेवाल्यांना विकायला सुरुवात केली. बिस्मिल्लाबीला घेतलं ते शेणखत वर चढवायला. एक पावसाळा तिनं ते काम केलं. संध्याकाळी हातांना मुंग्या यायच्या, भाकरी थापताना पीठ कुठं आहे ते बोटांना कळायचं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिची मान चाचपून सांगितलं की डोक्यावर ओझं घेणं थांबव, नाहीतर दोन्ही हात जातील. ती घरी आली आणि मेहबूबला म्हणाली की पाटी सुटली.

सुटली म्हणून पोट सुटत नाही. पण त्याच सुमारास बंगलेवाले मुंबईला परत गेल्यावर पत्रं पाठवू लागले होते, अमुक गुलाब हवा, तमुक क्रोटन हवा, टपालानं पाठवा. दत्तोबांनी पहिली रोपं स्वतः बांधली. ती मेलेली पोचली. दुसरी खेप बिस्मिल्लाबीनं बांधायला मागितली.

तिची रीत अशी. बाया डोक्यावर ओझं घेताना खाली चुंबळ ठेवतात, कापडाचं पिळून केलेलं कडं. ओझं त्यात बसतं आणि डुगडुगत नाही. बिस्मिल्लाबीनं पेंढ्याची चुंबळ केली आणि खोक्याच्या तळाशी ठेवली. मुळांचा मातीसकट गड्डा शेवाळात गुंडाळून त्या चुंबळीत बसवला. वरून दुसरी, लहान चुंबळ खोडाभोवती. खोकं रॉकेलच्या पेटीच्या फळ्यांचं. ते आडवं पडो की उलटं होवो, रोप जागचं हलत नसे. ती रोपं जगली. त्या दिवसापासून ती बसून काम करू लागली, महिन्याच्या पगारावर. तिच्या मानेला परवडेल असं बागेत ते एकच काम होतं.

तिचा एक नियम होता. नुकतं उपटलेलं रोप ती बांधत नसे. आधी ते डालीत, म्हणजे बांबूच्या टोपलीत लावायचं, पंधरवडाभर सावलीत ठेवायचं. नवा कोंब दिसला की ती म्हणायची, जीव धरला. मग खोक्यात. पत्ता दत्तोबा लिहीत. त्यांचं अक्षर मोठं आणि शाई महाग, म्हणून ते थोडक्यात लिहीत. खोक्यावर पत्त्याखाली त्यांच्या बाळबोध अक्षरात इतकंच असे: जीव धरलेले, जपून नेणे.

लोणावळ्यात हे कुणालाही खटकलं नाही. वर्षंच्या वर्षं तशी खोकी गेली. मग धारवाडकडचे एक पोस्टमास्तर बदलून आले. भला माणूस, कामाला चोख. मराठी त्यांना यायची, पण ती पुस्तकातली. श्रावणात एका सकाळी बिस्मिल्लाबी खोकं काखेत घेऊन आली. साहेबांनी ते फिरवून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि खिडकीतून तिच्याकडे पाहिलं.

"यात कोणता जीव धरला आहे?"

"गुलाबाचा, साहेब."

"गुलाबात जीव धरून ठेवला आहे?"

"मी न्हाई धरला. त्याचा त्यानं धरलाय. मी निस्ती वाट बगितली."

"तो आता आत आहे?"

"तर. त्याबिगार खोक्यात घालीन व्हय?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. पकडलेला जिवंत प्राणी ही बाई टपालात टाकते आहे आणि वर कबूलही करते आहे, असा त्यांचा समज झाला. आमच्या कारकुनानं समजावून सांगितलं की हे रोपाबद्दलचं बोलणं आहे, मुळं लागली की जीव धरला म्हणतात. साहेबांना ते पटलं असावं. पण त्यांनी एकदा शंका घेतली की ती पुरी तपासायची. ते म्हणाले, उघडून दाखवा. बिस्मिल्लाबी म्हणाली, खुशाल उघडा, आत दुसरं काय पण निघायचं न्हाई.

खिळे मी काढले. शेवाळ बाजूला करायला हात घातला आणि आतून बोटभर लांबीची गोम माझ्या मनगटावर चढली. चावली. मी हात झटकला तेव्हा ती टेबलावर पडली आणि साहेबांच्या शिक्क्यांमागे गेली. तिच्यापाठोपाठ लाल मुंग्या निघाल्या.

साहेब ओरडले नाहीत. गोम मारून झाल्यावर त्यांनी पुस्तक काढलं, नियम वाचला आणि मग आम्हाला कळेल असा सांगितला. रोपं टपालानं जातात, त्याला हरकत नाही. बांधणी अशी हवी की ओल बाहेर येऊन दुसऱ्याचं पत्र भिजणार नाही. आणि टपालाला किंवा टपालवाल्याला इजा करील असा जिवंत जीव आत चालत नाही. एवढं सांगून त्यांनी माझ्या हाताकडे बोट दाखवलं. तो तोवर मनगटाच्या वर सुजला होता. वाद घालायला जागा नव्हती.

त्या बागेची पार्सलं बंद झाली. साहेबांनी एक वाट ठेवली. एक खोकं नीट बांधून आणा, मी सगळं उलटून बघीन, एकही किडा निघाला नाही तर पुन्हा सुरू. निघाला तर मात्र ही बाग कायमची बंद.

स्टेशनाजवळ गुलजारचं चहाचं दुकान होतं. दुपारपर्यंत गोष्ट त्याच्याकडे पोचली. बिस्मिल्लाबी घरी जाताना त्यानं आतूनच म्हटलं, "भाबी, पुढच्या बारीला कोंबडी बांधा की. तिनं बी जीव धरल्याला असतो."

ती पायांसकट वळली. "तुज्या च्यात कदी दूद पडलं तर सांग. मंग कोंबडीचं बघू."

दत्तोबांनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, पण बसून काम करणारीला पगार का द्यायचा हे त्यांना पार्सलांमुळेच पटलं होतं. पार्सलं नाहीत तर काय. त्यांनी तिला सांगितलं की वरच्या वाफ्यांना खत चढवायचं आहे, यायचं असेल तर उद्यापासून ये.

"आबा, पाटी घेतली तर हात जात्याल," ती म्हणाली. "हात गेल्यावर तुमी तरी ठिवाल का मला?"

दत्तोबांनी तिला मुदत दिली. गौरी-गणपतीपर्यंत काय करायचं ते कर, म्हणाले. तोवरचा पगार अर्धा.

मग तिनं शेवाळ साफ करायला घेतलं. श्रावणात ऊन नाही, म्हणून चुलीवरच्या फळीवर वाळवलं. किडे गेले, पण शेवाळाची पूड झाली. दुसऱ्या खेपेला उकळतं पाणी ओतलं. किडे मेले आणि शेवाळाचा गिळगिळीत लगदा झाला, त्यात ठेवलेली मुळं काळी पडली. कडुलिंबाच्या पाल्याचा धूर दिला. मोठे किडे बाहेर आले, अंडी आत राहिली आणि चार दिवसांनी पुन्हा वळवळ दिसू लागली. शेवटी पांढऱ्या कापडावर शेवाळ पसरून ती धागा न धागा हातानं निवडायला बसली. मेहबूब रिकामाच होता, तोही बसला. त्याच्याजवळ नालबंदाचा चिमटा होता. त्या चिमट्यानं गोम धरता येते, मुंगी नाही. दिवसभर दोघांनी निवडलं तेव्हा एका खोक्यापुरतं शेवाळ झालं. एका खोक्याला दोन माणसांचा दिवस लागत असेल तर ते काम नव्हे, नुसती मेहनत.

आणि तेही फुकट गेलं. रोप खोक्यात बसवताना मातीच्या गड्ड्यातून गांडूळ बाहेर आलं. शेवाळ कितीही निवडा, मातीत जे आहे ते आहेच. तिनं गड्डा खाली ठेवला आणि त्या दिवशी पुन्हा हात लावला नाही.

गणपतीला तीन आठवडे उरले होते. बागेच्या वाटेवर दत्तोबांची बायको सरुबाई बायांना घेऊन खाचरात उतरली होती. लावणी होऊन गेली होती, पण मधे मधे आवण मेलं होतं, तिथं नवं लावायचं होतं. आवण म्हणजे भाताची लहान रोपं. ती वाफ्यातून उपटतात, मुळं पाण्यात आपटून धुतात, मूठ बांधतात आणि दुसऱ्या खाचरात नेऊन लावतात. मुळाला मातीचा कण राहत नाही. तरी भात जगतो. मावळात हे दरसाल सगळेच करतात. बिस्मिल्लाबीनंही लहानपणापासून केलं होतं. त्या दिवशी ती बांधावर उभी राहून बघत राहिली. मग सरुबाईला म्हणाली की आबांच्या गुलाबाची मुळं अशीच धुतली तर.

दत्तोबांना हे सांगितलं तेव्हा ते चिडले. "भात भात हाय, गुलाब गुलाब हाय. गुलाबाची माती काढायची म्हंजी लेकराची आय काडायची."

"आन् आवणाला आय नसती व्हय?" सरुबाई चुलीपुढून म्हणाली. "दरसाल माज्या हातनं धुवून घेता ते?"

दत्तोबांनी बारा रोपं दिली, त्यातली बरीचशी अशी की विकली गेली नसतीच. बिस्मिल्लाबीनं ती ओढ्यावर नेली. मुळं वाहत्या पाण्यात धरून, बोटांनी हलकेच विंचरून, माती सोडवली. भाताच्या मुळासारखं आपटून चालत नव्हतं. गुलाबाचं बारीक मूळ तुटलं की रोप गेलं. एका रोपाला पहिल्यापेक्षा तिप्पट वेळ लागला, पण तो वेळ कामाला लागला. धुतलेली मुळं तिनं उकळून घेतलेल्या जुन्या धोतराच्या ओल्या फडक्यात गुंडाळली. त्यावर मेणकापड, म्हणजे ओल बाहेर येणार नाही. चुंबळीचा पेंढा चुलीच्या धगीवर फिरवून घेतला. मुंबईला पोचायला लागतात त्याहून जास्त दिवस खोकं घरातच बंद ठेवलं, मग रोपं काढून लावली. गुलाब आठांपैकी सहा जगले. क्रोटन आणि नेचा जगला. मोगरे दोन्ही मेले. तिनं दत्तोबांना जसं आहे तसं सांगितलं. मोगरा टपालानं जायचा नाही.

गौरी यायच्या आदल्या दिवशी ती खोकं घेऊन कचेरीत आली. साहेबांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. फडकं उलगडलं, मुळं उजेडात धरली, पेंढा झटकला. मी या खेपेला जरा लांब उभा होतो. काही निघालं नाही. साहेबांनी पुन्हा झटकलं. नाहीच. बिस्मिल्लाबीनं तिथंच जमिनीवर बसून खोकं परत बांधलं. साहेब तिचे हात बघत होते.

खरं तर इथं काम संपायला हवं होतं. पण साहेबांना मागच्या शब्दाचा घोळ आठवत होता. तो पुन्हा होऊ नये म्हणून त्यांनी कारकुनाला सांगितलं की खोक्यावर ठळक लिहा, आत जीव नाही.

कारकुनानं दौतीत टाक बुडवला. बिस्मिल्लाबीनं खोक्यावर पंजा ठेवला.

"ते लिवू नगा, साहेब."

"का? खोटं आहे?"

"खरं असंल तर घेणारा पैसं कशाला दील?"

कारकून हसला. साहेब हसले नाहीत. "मला एक सांगा. जीव आहे की नाही?"

"रोपात हाय. खोक्यात न्हाई."

खिडकीमागे माणसं खोळंबली होती. गाडीची वेळ होत आली होती, थैली मला बांधायची होती. साहेब म्हणाले की लिहिल्याशिवाय घेता येणार नाही. कारकुनानं हळूच तिला सांगितलं की मावशी, दोन शब्दांचं काय, लिहू दे, बागेत काम तर राहील. दत्तोबांनी दिलेली मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि ते तिला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. तिनं खोकं उचलून काखेत घेतलं.

"मेलं म्हून लिवल्यालं रोप मी कुणाला धाडलं न्हाई," ती म्हणाली आणि पायांसकट दाराकडे वळली.

ती उंबऱ्यापर्यंत गेली असेल. साहेबांनी पुस्तक उघडलं होतं. नियमावरून बोट फिरवून त्यांनी तिला परत बोलावलं. आत काय नाही ते लिहिलंच पाहिजे असं नियमात कुठं नव्हतं. ते त्यांच्याच मनातलं होतं, आणि ते तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. मग विचारलं, "तुम्हीच सांगा. काय लिहू?"

"निस्तं रोप लिवा. जीव हाय का न्हाई ते लावणाऱ्याला कळंल."

कारकुनानं लिहिलं, रोपे. साहेबांनी अट घातली की मनात येईल तेव्हा कोणतंही खोकं ते उघडतील.

"उगडा की. पर बांदायला मला हाक मारा. दुसऱ्यानं बांदल्यालं चालायचं न्हाई."

त्या खोक्याचं पत्र आश्विनात आलं. गुलाबाला पालवी आली होती, आणखी रोपं हवी होती. दत्तोबांनी पगार पुन्हा पुरा केला आणि खताच्या पाटीचं नाव काढलं नाही. मोगरा मागणाऱ्यांना ते कळवू लागले की येऊन घेऊन जा.

साहेबांनी पहिलं वर्षभर जवळजवळ प्रत्येक खोकं उघडलं. मी निरोप घेऊन वलवणला जायचो, ती हातातलं टाकून यायची आणि परत बांधायची. त्या येण्याजाण्याचे पैसे तिला कुणी दिले नाहीत, तिनं मागितलेही नाहीत. पुढे ते अधूनमधून उघडू लागले. मग त्यांची बदली झाली. नंतरच्या साहेबांनी एकही खोकं उघडलं नाही. तरी ती पहाटे चारला उठून ओढ्यावर जायची आणि मुळं तितकाच वेळ धुवायची. कुणी बघत नाही म्हणून तिनं काम कमी केलं नाही. थंडीत पाण्यात बोटं वाकडी व्हायची, ती चुलीपुढं सरळ करून पुन्हा बसायची. मान तशीच राहिली. हात शाबूत राहिले.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात तिनं घरावर मंगलोरी कौलं घातली. तोवर दरसाल मेहबूब पेंढ्यानं घर शाकारायचा आणि दरसाल आषाढात ते गळायचं. कौलं गाडीनं स्टेशनात आली, बैलगाडीनं ओढ्यापर्यंत. पुढे चढ होता, तिथं गाडी जात नव्हती. तिथून कौलं डोक्यावरूनच न्यायची. गुलजार म्हणाला, "घरची माणसं हायती, भाबी. रोज थोडी थोडी नेली तर फुकट व्हईल."

तिनं ऐकलं नाही. तिनं वस्तीवरच्या पाच बाया लावल्या आणि स्वतः एकाही कौलाला हात लावला नाही. वाटेवर उभी राहून तिनं एवढंच ठरवून दिलं की एका बाईनं एका वेळेला किती न्यायची. धरणावर मुकादम जितकं ओझं द्यायचा त्याच्या निम्मं. एका तरण्या बाईनं जास्त उचलायला घेतलं तेव्हा बिस्मिल्लाबीनं वरची कौलं काढून खाली ठेवली. ओझं कमी म्हणून फेऱ्या वाढल्या, आणि एका दिवसाचं काम दुसऱ्या दिवसावर गेलं. दुसऱ्या दिवसाची मजुरीही तिनंच दिली.